आमच्या आडनावाचा माणूस

आमच्याकडे संध्याकाळी वडील पुस्तक वाचून दाखवायचे. पुस्तकं बदलायची, लिहिणारा बदलायचा नाही. ते इतिहासकार तेव्हा घराघरांत वाचले जात. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत दुसरं फारसं काही नव्हतं, पण त्यांची सगळी पुस्तकं होती, खाकी कागदाची कव्हरं घातलेली. वडील जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. दिवसभर सातबाऱ्याची रूक्ष भाषा लिहून आलेला माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन खिडकीपाशी बसायचा आणि त्याचा आवाजच बदलायचा. आई तांदूळ निवडता निवडता ऐकायची, ताई शिवण घेऊन बसायची आणि मी ताईच्या मशीनला टेकून.

ऐकायला आणखी एक जण यायचे. वडिलांच्याच कचेरीतले, काटोलकडचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. घरची संत्र्याची बाग होती, ती भावाच्या ताब्यात देऊन ते नोकरीला आले होते. काका वाचन ऐकायचे, पण आमच्यासारखे निमूट नाही. एकदा पुस्तकात एक सरदार लढाईच्या आदल्या दिवशी आपल्या लहान मुलीच्या आठवणीने व्याकुळ होतो, असं दीड पान वर्णन आलं. आईने डोळ्यांना पदर लावला. काका म्हणाले, "भाऊ, त्याच्या मनात पोरगी आली होती, हे याले कोनं सांगतलं गा?"

"अभ्यास असतो त्यांचा," वडील म्हणाले.

"अभ्यास कागदाचा असते. मनाचा कसा असन?"

वडील हसले नाहीत. त्यांनी पान उलटलं. त्या काळात वडिलांना कुणी देवाबद्दल काही बोललं असतं तर चाललं असतं, पण या माणसाबद्दल नाही.

मी दहा-अकरा वर्षांची असताना ते इतिहासकार व्याख्यानाला नागपूरला आले. वडिलांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं. मैदान भरलं होतं. ते बोलायला उभे राहिले आणि हजारो माणसं श्वास रोखून बसली. व्याख्यान संपल्यावर सह्या घ्यायला रांग लागली, त्यात आम्हीही उभे राहिलो. आमची पाळी आली तेव्हा वडिलांनी सही मागितली नाही. सदऱ्याच्या आतून त्यांनी एक लांबट पाकीट काढलं आणि खाली वाकून काहीतरी बोलले. इतिहासकारांनी पाकीट उघडून पाहिलं. आतला पिवळा कागद हलकेच पुन्हा घडी केला, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

परत येताना वडील सायकल हळू चालवत होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "आईला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनात वडिलांविषयी काहीतरी राहून गेलं. ज्याच्याजवळ लपवण्यासारखं काही नाही असा माणूस मी त्यांना समजत होते.

तीन वर्षांनी नवीन पुस्तक आलं. ते आमच्याच भागावर होतं, इंग्रजांशी झालेल्या लढायांच्या दिवसांतलं. वडिलांनी ते दुकानातून आणलं त्या दिवशी आईने शिरा केला. महिनाभर वाचन चाललं. मग एका संध्याकाळी एका गढीचा वेढा आला. बाहेर इंग्रजांची पलटण, आत थोडी माणसं, दाणागोटा संपत आलेला. वडील रंगात आले होते. गढीतला एक कारकून पहाटे मागच्या दिंडीदरवाजाने बाहेर पडतो, शत्रूच्या छावणीत जातो आणि सौदा करून परत येतो. मग तो दार उघडं ठेवतो. पुढच्या ओळीत त्या कारकुनाचं आडनाव होतं आणि त्याचं गाव होतं.

आडनाव आमचं होतं. वडील गावाच्या नावापर्यंत आले आणि थांबले. ताईचं मशीन थांबलं. आमच्या मूळ गावी आमच्यापैकी कुणी राहत नव्हतं, मी तर ते पाहिलंही नव्हतं, पण नाव घरात ठाऊक होतं.

"वाचा ना भाऊ," काका म्हणाले.

"आज इथंच," वडील म्हणाले आणि त्यांनी पुस्तक मिटलं. ते पुस्तक नंतर आमच्या घरात कधी वाचलं गेलं नाही. वडिलांनी ते लोखंडी ट्रंकेत टाकलं. दोन दिवसांनी, कुणी नाही असं पाहून, मी ते बाहेर काढलं, तेवढं एक पान वाचलं आणि परत ठेवलं. त्या कारकुनाचे डोळे घारे होते, असं लिहिलं होतं. मी आरशात माझे डोळे पाहिले. वडिलांचेही पाहिले, ते जेवत असताना. काळेच होते. तरी मी दोनदा पाहिले.

आमच्याकडे वाचन थांबलं म्हणून नागपुरात थांबलं नाही. ज्याच्या त्याच्या हातात ते पुस्तक. वर्गातल्या मुली माझ्याकडे पाहून कुजबुजायला लागल्या. इतिहासाच्या बाईंनी एकदा तास संपल्यावर, अगदी प्रेमाने, विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं गं?" मी खोटं गाव सांगितलं. बाई हसल्या. त्यांना खरं गाव आधीच माहीत असावं, असं मला वाटलं. आजही वाटतं.

कचेरीत तर भलतंच झालं. कळमन्याकडच्या काही जमिनींची एक फाइल सापडेना. तिच्यातली माहिती बाहेर गेली म्हणून बोभाटा झाला. विभागात आठ-दहा जण होते, पण कुणीतरी म्हणालं, "फाइल कशाला शोधता? आडनाव पाहा." सगळे हसले. हे वडिलांनी घरी सांगितलं तेव्हा त्यांनीही हसल्यासारखं केलं. पण चार दिवसांनी साहेबांनी त्यांच्या कपाटाच्या चाव्या काढून घेतल्या आणि चौकशी लावली. वडील रोज कचेरीत जायचे, रिकाम्या टेबलाशी बसायचे आणि पाचला परत यायचे.

त्याच सुमारास ताईला एक स्थळ आलं होतं. मुलगा धंतोलीत एका औषधाच्या दुकानात होता, माणसं चांगली वाटली. पोहे झाले, पत्रिका जुळली. निघताना मुलाच्या आजोबांनी चप्पल घालता घालता विचारलं, "तुम्ही त्या गढीजवळचेच ना?"

वडील म्हणाले, "हो."

"पुस्तकात वाचलं," आजोबा म्हणाले. पुढे त्यांचा निरोप आला नाही.

त्या दिवशी आईने पहिल्यांदा मोठ्याने विचारलं, "आपल्या आडनावाची माणसं नागपुरात काय थोडी आहेत? पण आपलं मूळ गाव तेच, हे लोकांना कसं कळतं? ते कुणाला ठाऊक होतं?"

आईच पुढे म्हणाली, "एका माणसाला ठाऊक होतं. तो त्या दिवशी इथे बसला होता."

मी तिथेच होते. मला ते पाकीट आठवत होतं. मी ते बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर संशय काकांवरून उठून वडिलांवर गेला असता, आणि वडिलांनी मला सांगू नकोस म्हटलं होतं. मी गप्प बसले. वडीलही गप्प बसले. आमच्या दोघांच्या गप्प बसण्यातून काका दोषी ठरले.

पुढच्या रविवारी काका आले, हातात संत्र्यांची पिशवी. वडील दारातच उभे राहिले.

"आज वाचन नाही."

"मी वाचन ऐकाले नाही आलो गा. चौकशीचं बोलाचं होतं."

"आज बरं नाही मला."

काकांनी वडिलांच्या खांद्यावरून आत पाहिलं. आई पाठमोरी होती. "वहिनी, येतो मी," ते म्हणाले. आईने न ऐकल्यासारखं केलं. काकांनी पिशवी पायरीवर ठेवली आणि गेले. ती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी घरमालकांनी विचारलं, "ही कुणाची?" वडील म्हणाले, "ठाऊक नाही." थोड्याच दिवसांत काका काटोलला बदली मागून निघून गेले, आणि ज्याने काही केलं नाही तो पळेल कशाला, असं आई म्हणाली.

पाच महिन्यांनी फाइल सापडली. ती दुसऱ्याच गठ्ठ्यात चुकून बांधली गेली होती. माहिती कुणी फोडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. वडिलांच्या चाव्या शिपायाने आणून टेबलावर ठेवल्या. पण वडिलांचंच काहीतरी बिघडलं होतं. कपाट लावताना ते शेजारच्या कारकुनाला बोलवायचे, "पाहून घ्या, मी काय आत ठेवलं, काय बाहेर काढलं." घरीसुद्धा दुकानातून आलं की सामान मोजून आईच्या समोर ठेवायचे. मला हळूहळू उमगलं की लोकांनी त्यांच्यावर ठेवलेला संशय त्यांनी स्वतःच उचलून घेतला आहे. पुस्तकात छापलं आहे म्हणजे ते खरं असणार, आणि ते खरं असेल तर त्याचा अंश आपल्यातही असणार.

ताईचं लग्न दोन वर्षांनी अमरावतीच्या एका ड्रॉइंगच्या मास्तरांशी झालं. ते चित्रं काढायचे, पुस्तकं वाचायचे नाहीत. आईला तेव्हा ही त्यांची सर्वांत चांगली गोष्ट वाटली.

वडील निवृत्त झाले तेव्हा कचेरीतून त्यांचे कागद आले. त्यांत त्या चौकशीची नक्कल होती. मी वाचून दाखवत होते. एका पानावर काकांचा लेखी जबाब होता. त्यांनी लिहिलं होतं की आपण या माणसाला बारा वर्षांपासून ओळखतो, आणि पुस्तकातल्या आडनावावरून त्यांच्या चाव्या घ्यायच्या असतील तर आपल्याही घ्याव्यात. खाली तारीख होती. संत्री घेऊन आले त्याच्या आदल्या शुक्रवारची. वडिलांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाले, "पण मग गावाचं कुणी सांगितलं?" एवढं झाल्यावरही. मला त्यांचा राग आला, आणि लगेच आठवलं की ते पाकीट मलाही ठाऊक होतं.

मी तोपर्यंत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला लागले होते. दर वर्षी नव्या मुली यायच्या आणि त्या इतिहासकारांची पुस्तकं मागायच्या. त्या एका पुस्तकाची बांधणी आमच्याकडे तीनदा नवी करून घ्यावी लागली. मी ते मुकाट्याने काढून द्यायचे. मोडी शिकले ती त्याच काळात, एका निवृत्त मास्तरांकडे. का शिकते आहे ते घरी सांगितलं नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. ते इतिहासकार पुन्हा व्याख्यानांना आले आणि दुसऱ्याच दिवशी आजारी पडले. धंतोलीतल्या एका दवाखान्यात आहेत असं वर्तमानपत्रात आलं. मी ट्रंकेतून पुस्तक काढून पिशवीत टाकलं आणि गेले. दवाखान्याच्या जिन्यावरही रांग होती. गावोगावची माणसं, नातेवाइकांना दाखवायला आलेली, तीही डोकावून नमस्कार करून जात होती. एक बाई खाटेच्या पायाला हात लावून गेली.

ते फार बारीक झाले होते. मी आडनाव सांगितलं आणि गाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"कागद तुमच्याकडचा," ते म्हणाले. "तुमचे वडील. मैदानावर भेटले होते."

"त्यात त्याने फितुरी केली, असं लिहिलं आहे?"

"तो छावणीत गेला, असं लिहिलं आहे. निरोप घेऊन. तिसऱ्या दिवशी परत आला. पुढे कागद फाटला आहे." त्यांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले. "गढी पडली, हे खरं. दार कुणीतरी उघडलं असणार."

"असणार?"

"बाई, वाचकाला दार उघडताना दिसावं लागतं. त्याशिवाय तो पुढे येत नाही."

"आणि घारे डोळे?"

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "तेवढं मला दिसलं तसं," ते म्हणाले.

मी विचारलं, वडिलांनी हे तुम्हाला का दिलं असेल? त्यांना आश्चर्य वाटलं. "अभिमानाने दिलं. त्यांच्या घरात असं सांगत होते म्हणे, की त्याने बोलणी करून गढीतल्या बायकापोरांना वाट मिळवून दिली. आम्ही त्यांचे आभारही मानले आहेत. शेवटच्या पानावर पाहा."

मी तिथेच पुस्तक उघडलं. आभाराचं पान, बारीक टाइपात. त्यात वडिलांचं पूर्ण नाव, ते कुठे राहतात, कोणत्या कचेरीत आहेत आणि मूळ गाव कोणतं, सगळं छापलेलं. नागपुरात ज्याने ज्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलं त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वाचलं नव्हतं ते फक्त आम्ही.

"त्यांनी नंतर काही कळवलं तुम्हाला? तक्रार?"

"पत्र आलं होतं ना," ते म्हणाले. "पुस्तक फार आवडलं असं."

मी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. बाहेर पडताना त्यांनी मागून सांगितलं की कागद परत पाठवतो. मला भरवसा नव्हता. पण दोन महिन्यांनी रजिस्टर पोस्टाने तो आला, त्याच लांबट पाकिटात.

वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यांना नीट दिसत नव्हतं. मी आधी त्यांना शेवटचं पान वाचून दाखवलं. मग तो कागद, मोडीचं एकेक अक्षर लावत. वाचताना माझी मलाच शंका येत होती, कारण एका शब्दाशी मी अडले होते आणि तो 'वाट' असाही लागत होता, 'वाटा' म्हणजे हिस्सा असाही. मला 'वाट' हवा होता. मी दोन्ही सांगितले.

"म्हणजे फितुरी केली असं कागद म्हणत नाही," वडील म्हणाले.

"नाही."

"नाही केली असंही म्हणत नाही."

"नाही."

आई मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे तिने काहीतरी घासायला घेतलं. मग वडील म्हणाले, "काटोलची बस सकाळी किती वाजता असते?"

काकांची बाग गावाबाहेर होती. मी वडिलांचा हात धरून बांधावरून नेलं. काका विहिरीजवळ बाजेवर बसले होते, केस सगळे पिकलेले. त्यांनी वडिलांना ओळखलं आणि उठले नाहीत.

"एवढ्या वर्षानं रस्ता सापडला काय गा?"

वडील उभ्याउभ्याच बोलायला लागले. तुमच्यावर संशय घेतला, जबाब मागाहून वाचला, तरीही आलो नाही. सगळं त्यांनी ओळीने सांगितलं, कचेरीत जबाब देतात तसं.

"मले मालूम होतं," काका म्हणाले.

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"बोललो असतो तं तुमी म्हनले असते, चोर बोलून राहिला." त्यांनी बाजेवर हात आपटला. "बसा. उभं काहून राहिले? तू बी बस वं पोरी."

आम्ही बसलो. काकांनी संत्री सोलून वडिलांच्या हातात फोडी दिल्या. थोडा वेळ फक्त बिया थुंकल्याचा आवाज. मग काका म्हणाले, "लिहिते मात्र झकास. मी तं ते पुस्तक तीन खेप वाचलं. आता नात वाचून राहिली."

नात तिथेच होती, चौदा-पंधरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. ती मघापासून वडिलांकडे टक लावून पाहत होती. तिने विचारलं, "आजोबा, तुमी त्याच आडनावाचे काय? त्या दाराच्या माणसाचे?"

काका तिच्यावर ओरडणार होते. वडिलांनी हात वर केला. "हो, त्याच," ते म्हणाले. "बस, सांगतो."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. गढीत दाणा संपला होता, लेकरं रडत होती. पहाटे थंडी मी म्हणत होती. कारकुनाने अंगावरची घोंगडी एका म्हातारीला दिली आणि तो तसाच निघाला. छावणीच्या पहारेकऱ्याने त्याच्या छातीला संगीन लावली.

कागदात थंडी नव्हती. घोंगडी नव्हती, म्हातारी नव्हती, संगीन तर नव्हतीच. मी वडिलांकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवई किंचित उचलली. त्यांच्या ओठांवर तोच जुना प्रश्न आला होता, 'याले कोनं सांगतलं गा?', मला दिसला. पण मुलगी पुढे सरकली होती, तिने दोन्ही हातांनी बाजेची कड धरली होती.

"मंग?" ती म्हणाली.

वडील पुढे सांगत राहिले. आमची चारची बस चुकली.